तथास्तु म्हणणारं घर

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका गावात एक तांबट राहत होता. घंगाळं, हंडे, तपेली घडवायचा. हात कसबी होता, माणूस कष्टाळू होता, पण वर्षानुवर्षं ठोके ऐकून त्याचे कान जड झाले होते. कान जड झालेला माणूस मोठ्याने बोलतो. त्याने साधं पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, आज पुन्हा पेटलं.

त्याच्या बायकोलाही तसंच वाटायचं. लग्न होऊन आली तेव्हा ती हळू बोलणारी मुलगी होती. नवरा आपल्यावर सारखा खेकसतो असा तिचा समज झाला, आणि मग तीही शिकली. तो एक बोलला की ती दोन बोले. हळूहळू खरोखरीची भांडणं होऊ लागली. भाजीवरून, पाटावरून, कोणी कोणाकडे कसं पाहिलं यावरून. एकदा सुरू झाले की तोंडाला येईल ते बोलत. राग ओसरला की दोघांच्याही मनात तसं काही नसायचं. पण मनातलं कोणाला दिसतं? ऐकू येतं ते तोंडातलं.

घरमालक कंटाळले. एकाने हात जोडले, दुसऱ्याने सामान रस्त्यावर आणून ठेवलं. असं करता करता सात घरं झाली. शेवटी गावात त्यांना कोणी जागा देईना. तेव्हा पाटील म्हणाले, "वेशीजवळचं दगडी घर रिकामं आहे, तिथे राहा. तुम्ही त्या घराला भिता की ते घर तुम्हाला, तेवढं मात्र आम्हाला कळवा."

लोक हसले, कारण त्या घरात भूत आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आजवर तिथे टिकलं कोणी नव्हतं. एका कुटुंबाचं स्वयंपाकघर जळालं होतं. एका घरातल्या सासूची वाचा बसली होती. भिंतीतून कोणीतरी बोलतं, असं जो तो सांगे. पण दुसरीकडे जागा नव्हती. तांबटाने ऐरण उचलली, बायकोने देव्हारा उचलला, आणि दोघं तिथे राहायला गेली.

दोन दिवस सारवण्यात आणि जळमटं काढण्यात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तांबट जेवायला बसला. आमटी पातळ झाली होती. तो तसं म्हणाला, ती म्हणाली की डाळ आणली असती तर दाट झाली असती, आणि मग दोघांनाही थांबता येईना. शेवटी ताट सरकवून तो ओरडला, "असलं खाण्यापेक्षा मी माती खाईन."

तेव्हा भिंतीतून शांत, जुना आवाज आला. "तथास्तु."

तांबटाला तो ऐकू गेला नाही. बायकोला वाटलं, तोच काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "मलाही तुमचं तोंड बघायची हौस नाही."

"तथास्तु," आवाज पुन्हा म्हणाला.

बायकोने मान वर केली तर नवऱ्याचं पागोटं दिसत होतं, खाली मान दिसत होती, आणि मधे नुसतं धुकं. चुलीचा धूर असेल म्हणून तिने डोळे चोळले. धुकं हललं नाही. इकडे तांबटाने भूक होती म्हणून मुकाट्याने ताट पुन्हा ओढलं, घास घेतला आणि लगेच थुंकला. तोंडात माती होती. भात माती, भाकरी माती, गुळाचा खडाही माती.

दोन दिवसांनी ती दोघं घर सोडून देवळाच्या ओवरीत जाऊन राहिली. पण बोललेले शब्द त्यांच्याबरोबर तिथेही गेले. देवाचा प्रसादही त्याला मातीसारखा लागला, आणि देवाची मूर्ती दिसली तरी नवऱ्याचा चेहरा तिला दिसेना. मुकाट्याने दोघं परत आली.

दिवस जाऊ लागले. तांबट पाण्यावर आणि चार घोट ताकावर राहू लागला. ताकही चिखलाच्या पाण्यासारखं लागे, पण डोळे मिटून घशाखाली उतरवता येई. त्याच्याने हातोडा उचलवेना. बायकोला त्याची हाडं दिसत, चेहरा दिसत नसे. तो झोपला आहे की वेदनेने डोळे मिटून पडला आहे, हे तिला त्याच्या खांद्याला हात लावून विचारावं लागे. पूर्वी ती कधी त्याच्या खांद्याला हात लावत नसे.

एक दिवस चुलीपाशी बसून ती रडत होती. भिंतीवरची म्हातारी पाल चुकचुकली आणि म्हणाली, "बाई, सगळेच रडतात. विचारत मात्र कोणी नाही."

मग बायकोने विचारलं आणि पालीने सांगितलं. या घरात भूत नव्हतं. आवाज वास्तुपुरुषाचा होता. घर बांधलं तेव्हा वास्तुशांत करून त्याला कोपऱ्यात बसवलं आणि सांगितलं, घरातली माणसं मनाच्या तळातून जे बोलतील त्याला तू तथास्तु म्हण. त्या बिचाऱ्याला तेवढा एकच शब्द येतो. माणसांनी चांगलं बोलावं म्हणून तो वाट पाहत बसला, पण तळातून शब्द आला तो दर वेळी रागाचाच. कोणी म्हणालं, या चुलीला आग लागो. कोणी म्हणालं, म्हातारीची जीभ झडो. तो तथास्तु म्हणत गेला.

"मग मी आता म्हणते, मला यांचं तोंड दिसू दे," बायको म्हणाली.

भिंत गप्प राहिली.

"ते असं नसतं, बाई," पाल म्हणाली. "बोलणाऱ्याला आपला शब्द परत घेता येत नाही. ज्याला लागला त्याने सोडला तर तो सुटतो. त्याने तुझ्या अन्नाचा अपमान केला, तो शब्द तुला लागला. तू त्याचं तोंड बघायचं नाही म्हणालीस, ते त्याला लागलं. तुझी गाठ त्याच्या हातात आहे आणि त्याची तुझ्या. मात्र लवकर करा. त्याच्या अंगात आता फार दिवस उरलेले नाहीत."

बायकोने धावत जाऊन नवऱ्याच्या कानाशी सगळं सांगितलं. दोघांना हायसं वाटलं. आणि इथेच ती दोघं चुकली. तो म्हणाला, तू आधी सोड. ती म्हणाली, तुम्ही आधी बोलला होतात, तेव्हा तुम्ही आधी सोडा. बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की एकदमच म्हणायचं. समोरासमोर बसून दोघं एकदम म्हणाली, "मी सोडलं." मग कान देऊन बसली.

भिंतीतून काही आलं नाही. बाजारात वस्तू देऊन वस्तू घ्यावी तसे ते शब्द होते, तळातून आलेले नव्हते.

बायकोचे सोळा सोमवार चालू होते. सोळावा सोमवार आला. त्या दिवशी व्रताची सांगता. नैवेद्याचं पान पतीने संपवायचं, मगच आपण उपास सोडायचा, असा तिचा नेम होता. सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता नवरा जेवणार नाही, म्हणजे आपला उपास सुटणार नाही, हे तिने मनाशी धरूनच स्वयंपाक केला. देवाला नैवेद्य दाखवला, पान झाकून ठेवलं आणि नवऱ्याला काही बोलली नाही.

तांबट भिंतीला टेकून बघत होता. वाती लावून उठताना तिने देव्हाऱ्याचा आधार घेतला. तो उठला, हातपाय धुऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "वाढ."

ती म्हणाली की राहू दे, देव समजून घेईल.

"मला आज भूक आहे," तो म्हणाला.

त्याने भात कालवला आणि जेवू लागला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण हात दिसत होता. हात पानाकडे येई, घास घेई, वर धुक्यात जाई, आणि मग गळ्याच्या शिरा ताठ होत. मानेवरून घाम ओघळत होता. हात पुन्हा खाली येई. अर्धं पान संपलं. तिने विचारलं, कसं लागतंय? तो म्हणाला, "आज बरं लागतंय. तू घोटभर पाणी तरी घे, भोवळ येईल तुला."

तेव्हा तिला कळलं की हा माणूस आपल्यासाठी माती खातो आहे, आणि खोटंही आपल्यासाठीच बोलतो आहे. पाल काय म्हणाली होती ते तिला त्या वेळी आठवलंही नाही. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "पुरे करा. माझ्या अन्नाला काय म्हणालात ते माझ्या मनात राहिलेलं नाही. मला जन्मभर दिसला नाहीत तरी चालेल, पण देवा, यांच्या तोंडाला चव येऊ दे."

"तथास्तु," भिंत म्हणाली.

हातातला घास तांबटाने तोंडात घातला. चावला आणि थांबला.

"अगं," तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "भाजीत मीठ दुप्पट पडलंय."

नैवेद्याचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो, त्यामुळे तिला ते कळलंच नव्हतं. पण असं नाव ठेवलेलं ऐकून ती आनंदाने रडू लागली. ती रडत होती आणि त्याच्या पागोट्याकडे बघत होती, कारण त्याखाली बघण्यासारखं तिला काही नव्हतं. ते पाहून तांबटाचा घास हातातच राहिला. आपल्याला हवं ते मिळालं, आणि हिने बदल्यात काही मागितलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तो आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "तिच्या बोलण्याचं मला काही नाही. तिला दिसू दे."

"तथास्तु," भिंत म्हणाली, आणि या वेळी तो आवाज त्या जड कानांनाही ऐकू गेला.

धुकं विरलं. समोर तिचा नवरा होता, गालफडं बसलेला, ओठाला भाताचं शीत लागलेला. ती बघतच राहिली. मग त्याने उरलेलं पान पाणी पीत पीत संपवलं आणि तिने उपास सोडला.

ती दोघं त्याच घरात राहिली. भांडणं अगदी संपली असं नाही. आमटी पातळ झाली की तो अजून ओरडायचा आणि तीही उत्तर द्यायची. पण जिभेवर नको तो शब्द आला की दोघं एकदम भिंतीकडे बघत आणि गप्प होत, नाहीतर हसत. पुढे त्यांना मुलंबाळं झाली, कामाला बरकत आली. गावातल्या बायका विचारायच्या, घरातलं भूत कसं घालवलंत? ती म्हणायची, "गेलंय कुठे? आहे की घरातच. आम्ही त्याला बरं बरं ऐकवतो, ते बरं बरं देतं."

त्यांना जशी वेळेवर सुबुद्धी झाली, तशी ती ऐकणाऱ्यांना आणि सांगणारीलाही होवो.

तात्पर्य: रागाने टाकलेला शब्द बोलणाऱ्याला परत घेता येत नाही, ज्याला तो लागला, त्याने मोठ्या मनाने सोडला तरच तो सुटतो.