मनोऱ्यावरची दोरी

पूर्वी सागरवट बंदरावर वेलाकेतु राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या मनोऱ्यावर वारा आणि समुद्र पाहण्याचे काम करीत असे. समुद्र शांत असला की तो पांढरे निशाण चढवी, धोका दिसला की तांबडे. पांढऱ्या निशाणावाचून एकही गलबत बंदर सोडीत नसे.

राजाला उतारवयात लहानपणची फार आठवण येई. काय ते दिवस! राजपुत्र असताना तो धापा टाकीत मनोरा चढे. बोधिसत्त्व त्याच्या ओंजळीत भाजलेले चणे घाली आणि म्हणे, "खा, पण डोळे पाण्यावर ठेव." तेव्हा निशाणाची दोरी वरच असे.

पुढे राजानेच मनोरा जकातीचा अमात्य धनभद्र याच्या हाताखाली दिला. धनभद्राने दोरी लांबवून खाली आपल्या कचेरीतल्या कडीला बांधली. गलबते अडली की जकात बुडते! त्यामुळे वरून धोक्याचा निरोप आला, तरी खालून पांढरेच निशाण चढे. त्यापायी समुद्रात गेलेली काही गलबते परत आलीच नाहीत.

एके दिवशी पांढरे निशाण फडकत असताना बोधिसत्त्वाला दक्षिणेकडून लांबलचक लाटा येताना दिसल्या. त्याने कोयता घेतला आणि दोरीच कापली. निशाण खाली आले, गलबते थांबली. धनभद्र राजाकडे धावला.

"महाराज, हा राजद्रोह आहे! ऊन बघा कसं लख्ख पडलंय!"

राजाने बोधिसत्त्वाला बोलावून विचारले, "बाबा, वादळ नक्की येणार?"

"नक्की कसं सांगू? मीही चुकतो. पण समुद्र वाचताना चुकेन, कुणाचं तोंड बघून नाही. शिक्षा मला करा महाराज, मनोरा मात्र मोकळा सोडा. त्याची दोरी कुणाच्या कचेरीत नको, तुमच्या महालातही नको."

राजाला ते चणे आठवले. दोरी वरच राहील आणि मनोऱ्याचा शिधा कुणी अडवणार नाही, असा हुकूम त्याने दिला.

आणि गंमत अशी, की वादळ आलेच नाही! सारे बंदर हसले. राजा ओशाळला, पण हुकूम त्याने फिरवला नाही.

वर्ष उलटले. युवराजाचे वऱ्हाड पैलतीरी निघायचे होते. मुहूर्त टळत चालला, आभाळ निरभ्र, आणि मनोऱ्यावर तांबडे!

"गेल्या वर्षीचंच रडगाणं," धनभद्र पुटपुटला.

राजाला राहवेना. तो ताडताड धनभद्राच्या कचेरीत शिरला आणि पांढरे निशाण चढवण्यासाठी दोरी धरायला हात घातला. हाताला नुसती गंजकी कडी लागली. दोरी त्यानेच वर पाठवली होती. चरफडत तो माघारी फिरला.

संध्याकाळच्या आत समुद्र असा खवळला, की धक्क्याचे दगड उखडले. राजा युवराजाला छातीशी धरून लहान मुलासारखा रडला.

सकाळी तो पुन्हा तसाच धापा टाकीत मनोरा चढला. बोधिसत्त्वाने चण्यांची ओंजळ पुढे केली.

पूर्वजन्मीची ही कथा भिक्खूंना सांगून शास्ता थांबले. मागच्या रांगेत एक वृद्ध भिक्खू डोळे पुसत होता. प्रव्रज्या घेऊन भिक्खू होण्यापूर्वी तो गलबतावरचा तांडेल होता. शास्ता त्याला म्हणाले, "तो राजा तू होतास. धनभद्र म्हणजे तुझ्या शेजारी बसलेला, जेवणाच्या घंटेआधीच भिक्षापात्र घेऊन धावणारा हा सोबती. मनोऱ्यावर मी होतो. सत्य सांगणे ही माझी पारमिता, पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, होती. आपलाच हात पोचणार नाही अशा जागी ते सत्य ठेवलेस, ही तुझी."