सरळ चाल

"मेल्विनला तुम्ही कॉलेजला जा म्हणालात. सुहासला नको म्हणालात. यातलं खरं कोणतं, सर?"

प्रणीत घरतने बसायच्या आधीच विचारलं. बेस गिटारची पिशवी अजून खांद्यावरच होती.

इनास तुस्कानो सरांनी खुर्ची पुढे सरकवली. सरांचा जन्म ऑर्केस्ट्रात बेस वाजवण्यात गेला होता; मेल्विन, सुहास आणि प्रणीत, तिघंही त्यांच्याकडेच शिकलेले. संगीत कॉलेजची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती.

प्रणीतच्या मनात पाल चुकचुकत होती ती तिथेच. चेन्नईच्या एका कॉलेजात त्याला जागा मिळाली होती. उद्यापर्यंत होकार कळवायचा, म्हणजे हातातली नोकरी सोडायची. सर नको म्हणाले, तर ते हेव्यापोटी. जा म्हणाले, तर ब्याद टळावी म्हणून. वसईला सरांच्या ओसरीवर चढेपर्यंत दोन्ही उत्तरांचे अर्थ त्याने लावून ठेवले होते.

"दोघांनी वेगवेगळं वाजवलं होतं," सर म्हणाले.

मग त्यांनी आपली गिटार उचलली, एक चाल धरली आणि मानेनेच त्याला साथ करायला सांगितलं.

चाल अगदी साधी. लग्नाच्या मांडवात कुणीही वाजवावी अशी. प्रणीत सावध झाला. सर एवढं सोपं कशाला वाजवतील? पुढच्या वळणावर सूर बदलतील, आपल्याला उघडं पाडतील... त्याने सरांच्या बोटांवर नजर रोखली.

वळण आलं. प्रणीतने घाईने सूर बदलला.

सर होते तिथेच होते.

पुढच्या खेपेला, आता ते ताल मोडणार म्हणून तो थबकला. ताल त्याला मागे टाकून निघून गेला.

अखेर त्याने तारांवर तळवा ठेवला.

"तुम्ही मध्येच बदलत होतात," तो म्हणाला. बोलताना स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

सरांनी तीच चाल पुन्हा वाजवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिच्यात कुठेच काही बदलत नव्हतं.

वाडीतला पंप तेवढा चालू होता...

शेवटी प्रणीतने मान वर न करताच विचारलं, मग कॉलेजला जाऊ का?

"जा," सर म्हणाले. "पण तिथले मास्तरही सरळच वाजवत असले, तर काय करशील?"