बरणीवरचं फडकं

"एक चूल तरी सापडायला नको का, काका? एखादं फुटकं मडकं?"

रहमिम अजून उंबऱ्यातच होता. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

हसाजी हज्जान पडवीत पाटावर बसले होते. किनाऱ्यावरच्या अष्टागरातल्या त्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, जी चार-सहा घरं उरली होती, त्यांची प्रार्थना हज्जान या नात्यानं ते चालवत. रहमिमला हिब्रू अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. आता तो पुण्यात उत्खननाचं शास्त्र शिकत होता आणि सणासाठी घरी आला होता.

"कुठे सापडायला हवं?"

"सीनायच्या वाळवंटात! मोशेबरोबर मिसरातून सहा लाख पुरुष निघाले, वर बायकामुलं, गुरंढोरं. चाळीस वर्षं तिथे फिरले म्हणे. अहो, चार माणसं सहलीला गेली तरी मागे कचरा राहतो! लोकांनी तिथे वर्षानुवर्षं खणलंय. काही नाही!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही!"

"अरे वा!" हज्जान सरसावून बसले. "बस, बस. आणि यरीहो शहर? कर्णे फुंकून पाडलेल्या त्या भिंती तरी?"

तरुण माणसाला नवी शंका मिळाली की ती नव्या घड्याळासारखी चारचौघांना दाखवावीशी वाटते, आणि समोरच्यानं दचकावं एवढीच त्याची अपेक्षा असते. इथे म्हातारा दचकायचं सोडून आणखी मागत होता. रहमिम क्षणभर हिरमुसला. पण विषयच असा होता की त्याला गप्प बसवेना.

"भिंती त्याआधीच कितीतरी वर्षं पडलेल्या होत्या, काका!"

हज्जानांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आपले लोक पडक्या भिंतींभोवती कर्णे फुंकत फिरले? बिचारे!"

दोघेही हसले. रहमिम आत येऊन बसला आणि हातवारे करून सांगत राहिला. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, शिलालेखांत काय आहे, काय नाही, मातीचे थर कसे वाचतात... हज्जान मध्येच विचारत होते, मान डोलावत होते. पोरगा शिकलाय, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

मग त्यांनी विचारलं, "संध्याकाळी वाचणार ना?"

रहमिमचे हात खाली आले.

ती पेसाहची संध्याकाळ होती. मिसरातल्या गुलामीतून पूर्वजांची सुटका झाल्याची कथा या संध्याकाळी मोठ्यानं वाचायची असते. हज्जानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हिब्रू वाचणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं. रहमिम वाचायला बसला नाही, तर गावातल्या सगळ्यांच्या आठवणीत पहिल्यांदाच ती रात्र कथेशिवाय जाणार होती.

"नाही, काका. जे घडलंच नाही, ते घडलं म्हणून मी नाही वाचणार. खोटं बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं..."



"ठीक आहे," हज्जान म्हणाले. "वाचन नसलं तरी माणसं जेवायला येतीलच. ती आंबलेल्या चटणीची बरणी उघड."

कोपऱ्यात बरणी होती. तिच्या तोंडावर पांढरं फडकं सुतळीनं बांधलेलं होतं. सुटकेच्या घाईत पूर्वजांना पीठ आंबवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून या आठ दिवसांत आंबलेलं काही खायचं नाही. सणाचं इथलं जुनं नावच मुळी अनाशी ढाकायचा सण, म्हणजे आंबटाची बरणी झाकायचा सण.

"आज उघडायची?"

"का? कोणी निघालंच नाही, तर घाई कोणाला झाली? सोड गाठ."

रहमिम ताडकन उठला. आपल्या म्हणण्याला जागणारा मुलगा होता तो. त्यानं सुतळी ओढली, फडकं बाजूला केलं. आंबट वास वर आला. आत स्वयंपाकघरात हज्जानांच्या बायकोच्या, रिबकाबायच्या, भांड्यांचा आवाज थांबला.

रहमिम तसाच उभा राहिला...

मग त्यानं घाईघाईनं फडकं पुन्हा पसरलं. सुतळी गुंडाळली, गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली.

"चटणी?"

"राहू द्या."

"का बांधलीस?"

रहमिमनं बरणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"ठाऊक नाही."

हज्जानांचा चेहरा उजळला. "गलबत फुटून आपली माणसं या किनाऱ्याला लागली, पोथ्या बुडाल्या, असं म्हणतात..."

"त्यालाही पुरावा नाही."

"बरं बाबा, तेही सोडून दे. पण पुढे कित्येक पिढ्या इथल्या आपल्या बायांना ना मोशे ठाऊक होता, ना मिसर. कथा पार विसरून गेल्या. या दिवसांत बरणी झाकायची, एवढंच उरलं. कोणी विचारलं, का गं झाकतेस, तर त्या म्हणायच्या..."

ते थांबले.

"ठाऊक नाही," रहमिम पुटपुटला. आणि एकदम ओरडला, "काका! मग हाच तर पुरावा! कथा गेली, पण खूण राहिली! आधी काही घडल्याशिवाय का कोणी... मी आमच्या सरांना सांगतो!"

"अरे, हळू! बरणीवरून एवढंच कळतं, की कोणीतरी बरणी झाकली."

रहमिम धपकन खाली बसला. हसावं की रडावं ते त्याला कळेना.

"मग घडलं की नाही घडलं?"

अंगणात काठ्यांचे आवाज आले. चपला काढून म्हातारी माणसं एकेक करून आत येऊ लागली. "वाचायला कोण बसतंय?" कोणीतरी विचारलं.

"सांगा ना, काका! घडलं का?"

हज्जान चाचपडत कोपऱ्यापर्यंत गेले. बरणीच्या गळ्यापाशी बोटं नेऊन त्यांनी दोन्ही गाठी तपासल्या. मग सणाच्या वाचनाची पोथी उचलली आणि रहमिमच्या मांडीवर ठेवली.

"गाठ तुझ्या हातची आहे. वाच."