वळण विसरणारा पाइप

"…आणि वस्तादाच्या तोंडावर विचारशील? कुठला पाइप टिकंल म्हणून?"

"विचारीन की. त्यात काय!"

"डोळ्यात बघून?"

"लाव पैज."

दोस्त सुक्यानं पैज लावली आणि दिग्यानं घेतली. देव अक्कल वाटत फिरत होता तेव्हा हे पोरगं कुणाच्या तरी चिंचेवर चढून बसलं असणार. कारण सबंध गावात एकच माणूस असा होता, ज्याच्याकडं दिग्यानं पाइप मागायला जाऊ नये. तो म्हणजे पाइपांच्या दुकानाचा मकबूल वस्ताद.

दिग्याच्या थोरल्या भावाचं, हणमादादाचं, घरामागच्या पत्र्याच्या शेडात गॅरेज होतं. घरच्या घरी, दोन मोटरसायकली मावतील एवढं. एक कॉम्प्रेसर, एक हवेची गन आणि दोघांच्या मधे काळा पाइप. हा पाइप वस्तादानं निवडून दिलेला.

होळी झाली, आणि तो पाइप फुटला. दादाचा उजवा डोळा गेला. मिरजेला नेलं, पण तिथं पोचेस्तोवर वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं कुजका पाइप गळ्यात मारला. दिग्याच्या आईनं त्याच्या दारात उभं राहून कडाकडा बोटं मोडली. वस्तादानं एक शब्द काढला नाही. दुकानाला कुलूप घातलं आणि गावाबाहेर पिराच्या ओट्यावर जाऊन बसला.

सुक्याला एवढंच ठाऊक होतं.

त्याच्या पलीकडचं एकट्या दिग्याला ठाऊक होतं. दादा गनीनं कार्बोरेटर फुंकायला लागला की हा शेडाच्या खांबामागं जायचा आणि पाइप दुमडून धरायचा. हवा बंद. दादा गन हलवायचा, आपटायचा, शेवटी नळीत वाकून बघायचा. की यानं सोडलाच पाइप. फुस्स! सगळी धूळ दादाच्या तोंडात. दादा कॉम्प्रेसरच्या आईबहिणीचा उद्धार करायचा आणि हा खांबामागं पोट धरून हसायचा.

रोज. त्याच खांबामागं. पाइपाच्या त्याच जागी.

आता दादा एका डोळ्यावर शेड पुन्हा उघडणार होता. पाइप तर लागणारच होता. दिग्यानं तालुक्याच्या दुकानातनं तीन तुकडे नमुन्याला आणले, खांद्यावर टाकले आणि शीळ घालत निघाला. पिराच्या अलीकडं शीळ आपोआप बंद पडली.

वस्ताद ओट्यावर बसला होता. मांडीवर तोच काळा पाइप होता, फुटका. शेडाबाहेर फेकलेला यानं उचलून आणलेला. तस्बीचे मणी ओढावेत तसा तो पाइप बोटांतनं पुढं ओढत होता. फुटक्या जागेपाशी आला की थांबायचा. पुन्हा पहिल्यापासून.

"वस्ताद…"

"हणमा कसा हाय?"

पहिलाच बाण बरगडीत. दिग्यानं ओट्याच्या कडेला टेकून नजर तुकड्यांवर नेली.

"बरा हाय. शेड उघडतोय. पाइप पायजे. टिकाऊ."

"मी आता पाइप निवडत न्हाय."

"का?"

वस्तादानं उजवा हात वर केला.

"ह्यो हात खोटा पडला."

…

इथंच उठायचं होतं. विचारून झालं होतं, पैज जिंकल्यात जमा होती. पण डोळ्यात बघून विचारायचं ठरलं होतं, आणि ते अजून झालं नव्हतं. आणि दिग्याला गप्प बसण्याचा आजार कधीच नव्हता.

"मग मीच निवडतो," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं व्हय-न्हाय म्हणा. ह्यो रबराचा. जड हाय, पण फरशीवर घासला तरी फाटत न्हाय. साध्या रबराला तेल लागलं तर फुगतं तेवढं. ह्यो प्लास्टिकचा. स्वस्त, पण थंडीत काठीगत कडक. आणि ह्यो निळा, हलका, पोरीच्या वेणीगत मऊ. टोकाची पितळी जोडणी बघून घ्यायची. आणि कॉम्प्रेसर जेवढी हवा भरतो त्याच्या वरचा दाब सोसणारा घ्यायचा, बरोबरीचा न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"मोबाइलनं."

"मोबाइलनं हात लावून बघितला काय रं?"

दिग्या हसला. वस्ताद हसला नाही.

"मी काय करायचो ठाऊक हाय?" वस्ताद म्हणाला. "गिऱ्हाइकाला सांगायचो, उद्या ये. पाइप गुंडाळायचो, वर दगड ठेवायचो. सकाळी दगड काढायचा. सरळ झाला तर द्यायचा. वेटोळं धरून बसला तर परत. वळण विसरतो तो पाइप टिकतो. ज्याला आठवत राहतं, तो तिथंच मोडतो."

"आणि… ह्यो?"

वस्तादानं मांडीवरल्या पाइपावर हात ठेवला.

"सुतागत सरळ झाला हुता."

…

"मग एकाच जागी कसा मोडला?" वस्तादाचं बोट फुटक्या जागेवर थांबलं. "आजूबाजूला ओरखडा न्हाय. मी बघतोय. रोज बघतोय. माझ्या हाताला काय कळलं न्हाय? तुझी आई म्हणाली, म्हाताऱ्या, तुझ्या हाताला किडं पडतील. खरंच म्हणाली. हातच चुकला आसंल, त्याबिगर पोराचा डोळा जातोय व्हय?"

दिग्याच्या जिभेवर काहीतरी आलं. त्यानं ते गिळलं.

ओट्यावरची हिरवी चादर वाऱ्यानं उडाली. वस्तादानं तिच्यावर दगड ठेवला.

"दे, तूच निवड," तो म्हणाला. "रबराचा घे आधी. दुमडून बघ, भेग पडती का."

आता यात काय अवघड? दिग्यानं रबराचा तुकडा उचलला आणि दुमडला.

"आता प्लास्टिकचा."

दुमडला.

"निळा."

निळाही दुमडला.

वस्ताद बघत राहिला. दिग्याला वाटलं, पसंत पडलं म्हाताऱ्याला. लगेच छाती फुगली.

"कुठला टिकंल मग?"

"पाइप कुठं हाय?"

"ह्यो काय!"

"कुठं?"

दिग्यानं समोर बघितलं. समोर हात रिकामाच होता. दुसरा हात पाठीमागं होता. पाइप पाठीमागं, अंगठ्याखाली दुमडून, गच्च धरलेला. आणि तो स्वतः ओट्यावर असा तिरका वळून बसला होता, जणू त्याच्या आणि वस्तादाच्या मधे खांब आहे.

खांब नव्हता.

त्यानं हात पुढं आणला. निळा तुकडा सुटला आणि मांडीवर सरळ पडला. दिग्याचं बोट मात्र तसंच वाकडं राहिलं.

तिन्ही वेळा त्यानं पाठीमागंच दुमडला होता. त्याला ठाऊकही नव्हतं. हात आपला आपणच गेला होता.

…

वस्ताद डोळ्यात बघत होता. काही विचारत नव्हता. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दिग्याजवळ थापा तयार होत्या, एकावर एक फुकट.

"वस्ताद, मी निघतो."

"नीघ."

दिग्या उठला. दोन पावलं गेला. मागं वस्तादानं पुन्हा काळा पाइप बोटांतनं ओढायला घेतला. सर्र… सर्र… मग थांबला. फुटकी जागा आली होती.

दिग्या उभाच राहिला. पुढं जाता येईना, मागं वळता येईना.

"त्या दिवशी मी हात लावला न्हवता."

वस्तादाची बोटं फुटक्या जागेवर तशीच होती.

"आईशप्पत, वस्ताद. त्या दिवशी मी खांबापाशी न्हवतोच. चूल पेटवत हुतो."

"त्या दिवशी."

"व्हय."

…

"आदल्या दिवशी?"

दिग्या ओट्याच्या पायरीवर बसला, बसला कसला, पडलाच.

"मी दुमडायचो," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "खांबामागनं. रोज. दादाची हवा बंद व्हायची, तो नळीत बघायचा, मग मी सोडायचो. मज्जा म्हणून. नुसती मज्जा म्हणून, वस्ताद. त्या दिवशी खांबापाशी हवा गळाय लागली असणार. सूं सूं आवाज यायला लागला. दादा बघाय गेला. वाकला…"

"मग?"

"मग फाट्कन आवाज झाला."

"आणि तू?"

…

…

"मी हसलो."

वाऱ्यानं चादरीचा कोपरा पुन्हा उचलला. या खेपेला वस्तादानं दगड ठेवला नाही.

"चुलीपुढं बसून हसलो. मला वाटलं, आज मी न्हाय तरी दादाची जिरली. दादा वरडाय लागला तरी मी हसतच हुतो. आई पळाली तवा…"



वस्तादानं आपला उजवा हात वर घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. हळूच मूठ मिटली, उघडली. जत्रेत हरवलेलं लेकरू सापडलं की बाप त्याला आधी चाचपून बघतो, तसं. मग हात खाली ठेवला. तोंडावर सुटका झाल्याची खूण कुठंच नव्हती.

"हणमाला सांगितलंस?"

दिग्यानं मान हलवली. नाही.

"आईला?"

नाही.

"आज हितं कशाला आलास?"

"पैज लागली हुती. तुमच्या डोळ्यात बघून इचारायचं."

"मग इचार."

दिग्यानं मान वर केली. वस्तादाचे दोन्ही डोळे त्याच्याकडं बघत होते. दोन्ही. दिग्याला ते मोजावेसे वाटले.

"कुठला… कुठला पाइप टिकंल, वस्ताद?"

वस्तादानं तिन्ही नवे तुकडे बाजूला सारले. मांडीवरला काळा पाइप उचलला, शांतपणे गुंडाळला आणि दिग्याच्या गळ्यात घातला. फुटकी जागा खाली लोंबली. तिथं तो वाकडाच राहिला, सरळ झाला नाही.

"वस्ताद, ह्यो तर फुटलाय."

"ह्योच ने हणमाकडं," वस्ताद म्हणाला. "मला सांगितलंस तेबी संगं ने. लई टिकंल."