उपळेकरांची मोजणी

"बाई, मोजण्यात चुकेन असा मी तुम्हाला कधी वाटलो होतो का?"

असं विचारत डॉ. निशिकांत उपळेकरांनी हातातली लाकडी पेटी टेबलावर ठेवली. पेटीतल्या वीसही खाचांमध्ये पेशींच्या काचेच्या स्लाइड उभ्या लावलेल्या होत्या.

तेरदाळकर बाईंनी फक्त पेटीकडे एकदा पाहिलं. त्या पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

बाई ब्याऐंशी वर्षांच्या. एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात हे पाहण्यात त्यांची हयात गेली. मायक्रोस्कोपला डोळा कसा लावायचा, हे उपळेकरांना त्यांनीच शिकवलं. निवृत्त होऊन त्या मिरजेत राहायला आल्या, त्यालाही आता बावीस वर्षं झाली. मधल्या काळात शिष्याचं नाव गुरूपेक्षा मोठं झालं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि उपळेकरांना जरा जास्तच.

"झालं काय?" बाईंनी विचारलं.

"माझ्या औषधाने कॅन्सरच्या पेशींचं विभाजन तिसऱ्या हिश्शाने कमी होतं. मी स्वतः मोजलंय. पण आमच्याच विभागातल्या डॉ. संखे म्हणतात, काही फरक नाही. त्यांनी म्हणे स्लाइडवरच्या 'औषधाची', 'बिनऔषधाची' अशा चिठ्ठ्या झाकून मोजलं."

"आणि तू?"

"मला काय गरज झाकायची? वीस वर्षं हेच करतोय." उपळेकर खुर्चीत पुढे सरकले. "बाई, सोमवारी शोधनिबंध छापायला जातोय. त्याच्या भरवशावर रुग्णांना औषध देऊन बघायचं ठरलंय. तुम्ही एकदा मोजा. तुमच्या शब्दापुढे संखे बोलणार नाहीत."

"माझ्या डोळ्यांत आता दम नाही. तू मोज, मी लिहून घेते."

बाईंनी पदराला हात पुसले. कोपऱ्यातल्या मायक्रोस्कोपवरचं फडकं काढलं.

"खिडकीकडे तोंड कर बघू. कोणी बघत असलं की हात जास्तच थरथरतो माझा."

म्हातारपणाची लहर, असं मनाशी म्हणत उपळेकर वळले. मागे काचेचा बारीक आवाज झाला.

"हं, ये. ही औषधाची. डाव्या कोपऱ्यापासून ओळीने, तीनशे पेशी."

उपळेकरांनी डोळा लावला. विभागणारी पेशी दिसली की ते "एक" म्हणत, आणि बाई कागदावर रेघ ओढत.

"एक... एक... ही कडेची... नको, ही नुसती फुगलीय. सोडा."

"सोडली."

तीनशे झाल्या. रेघा भरल्या बावीस.

"मोजलेली पेटीत परत लावू नका, टेबलावरच असू द्या," म्हणत उपळेकर पुन्हा खिडकीकडे वळले. पुन्हा काच वाजली.

"आता ही बिनऔषधाची. तशीच, डाव्या कोपऱ्यापासून."

"एक... एक... ही कडेची... हो, हिची आत्ताच सुरुवात झालीय. धरा."

"धरली."

यावेळी रेघा चौतीस झाल्या.

उपळेकर ताठ बसले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"बघा. निबंधात अगदी हेच प्रमाण दिलंय. आता हे तुमच्या हातचं लिहून द्या, म्हणजे संखेंचं तोंड बंद होईल."

बाईंनी पेटी उचलली आणि उपळेकरांपुढे उघडी धरली.

पेटीत एकच खाच रिकामी होती.

उपळेकरांनी टेबलावर पाहिलं; तिथे मोजलेली स्लाइड नव्हती. बाईंच्या हातांकडे पाहिलं. मग मायक्रोस्कोपखालची स्लाइड ओढून काढली. तिच्या टोकाला त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. इतका वेळ ती त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होती.

बिनऔषधाची.

"दोन्ही वेळा हीच...?"

"हीच."

उपळेकरांनी स्लाइड परत लावली. डावा कोपरा शोधला. कडेच्या त्या पेशीवर येऊन थांबले. बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले. ती फुगलेली होती की विभागायला लागली होती, हे त्यांना आता सांगता येईना.

बाईंनी शेंगांची परडी पुन्हा मांडीवर घेतली.

"म्हणजे आजवरचं सगळं मी..." उपळेकरांना भीती वाटत होती, आणि ती लपवायचं भानही राहिलं नव्हतं. "पण बाई, मी खोटं नाही हो मोजलं. तुमची शपथ. जे दिसलं तेच सांगितलं."

"ठाऊक आहे मला."

"मग... मग एवढं काय बिघडलं?"

बाईंनी एक शेंग सोलली. दाणे परडीत टाकले.

"खोटं बोलणाऱ्याला निदान खरा आकडा ठाऊक असतो, निशिकांत."