वेशीवरचे वाक्य

पूर्वी कुंदावती नगरीत शंखबल राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व सुयाम या नावाने जन्मला होता. बारा वर्षे तक्षशिलेत शिकून तो घरी परतला. नगरीत आता सुभाषितांना मोठा मान आहे, असे त्याने वाटेत ऐकले होते. जिथे सुभाषितांना एवढा मान, तिथे माणसे विचार करणारी असतील, असे त्याला वाटले होते. दिसले ते निराळेच.

नगरीची एक रीत होती. दर पाडव्याला राजा एक वाक्य निवडी, ते वेशीवर गेरूने लिहिले जाई आणि वर्षभर सगळे त्याबरहुकूम वागत. एका साली 'मौन हे शहाण्याचे भूषण' लिहिले, तर गवताच्या गंज्या पेटल्या तरी कोणी ओरडले नाही. पुढच्या साली 'हसतमुखाला शत्रू नसतो'. लोक मयतीलाही हसत गेले. वाक्य देणाऱ्याला मात्र मंत्रिपद मिळे.

आपण चांगले वाक्य दिले तर लोक सुधारतील, या ध्यासाने सुयामाने राजाला लिहून दिले, 'मागे पाहणारा ठेचाळतो.'

"वा, पंडित!" राजा म्हणाला. "उद्या हे वेशीवर आणि तुम्ही माझ्या शेजारी."

संध्याकाळी नदीवर धुके उतरले. सगळी नगरी पाण्यावर तरंगत असल्यासारखी वाटत होती. घाटावर उत्पला नावाची म्हातारी माळीण नदीकडे तोंड करून पाटावर बसली होती. वेशीचा शिपाई तिचा पाट उलटा फिरवत होता.

"म्हातारे, उद्यापासून तोंड गावाकडे. मागे बघायचं नाही!"

"अरे मुडद्या, माझी लेक या पाण्यात गेली. तिच्याकडे बघते मी."

"तेच ते, मागे बघणं!"

सुयाम पुढे झाला. "मावशी, दुःख हलकं व्हावं म्हणूनच मी ते लिहिलं."

"तू होय?" ती हसली. "वाक्य देखणं आहे हो, बाळा. पण त्यात मला बसायला जागा नाही."

त्याला शेकडो सुभाषिते पाठ होती. ती बाजूला ठेवून तो पायरीवर टेकला. लेकीला हार कधी नीट गुंफता येत नसे, दोरा दरवेळी तुटे, असे म्हातारी सांगत राहिली. तो ऐकत राहिला. पलीकडचा काठ हळूहळू विरून गेला.

सकाळी चौघडा वाजला. रंगारी शिडीवर चढू लागताच सुयामाने शिडी धरली.

"महाराज, माझे वाक्य मी परत घेतो."

"पद जाईल!"

"जाऊ द्या."

"मग वेशीवर लिहायचे काय?"

"यंदा काहीच नको."

जुने वाक्य पुसून कोऱ्या राहिलेल्या भिंतीखाली लोक गोंधळून उभे राहिले. शिपाई म्हातारीचा पाट हातात घेऊन घाटावर आला. त्याने तिलाच विचारले, "आजी, कुठं मांडू?"

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तो शिपाई म्हणजे काल शोकमग्न उपासिकेला उपदेश देऊन गप्प बसवणारा हा तुमचा सोबती. ती उपासिका म्हणजे उत्पला. सुयाम मीच होतो. त्या जन्मी मी शिकलो ती करुणा."