मुठीतल्या बारा होड्या

फार वर्षं झाली या गोष्टीला. नेमकी किती, हे मार्लविकमध्ये विचारू नये. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे मच्छीमारांचं गाव, आणि मोजणं हा प्रकार तिथे तेव्हा सभ्य समजला जात नसे.

कड्याच्या पायथ्याशी चिकटलेली चाळीसेक घरं, एक चर्च आणि बारा होड्या. बारा हा आकडा गावातल्या कुणी मेलं तरी उच्चारला नसता. होड्या मोजल्या की समुद्राला आकडा कळतो, आणि आकडा कळला की तो आपला वाटा मागतो, असं म्हणतात. आणखीही नियम होते. किनाऱ्यावर शिट्टी वाजवायची नाही. होडीवर गेलेल्याची वाट बघत घरच्यांनी किनाऱ्यावर उभं राहायचं नाही, चहाची किटली चुलीवर ठेवून घरात बसायचं. चर्चची घंटा रविवारी आणि कुणी मेल्यावरच वाजवायची. मार्लविकला मासे कधी मिळत, कधी मिळत नसत. नियमांचा तुटवडा मात्र कधी पडला नाही.

नियम सांभाळायला एझ्रा डॉसन होता. गुडघे गेल्यामुळे त्याचं समुद्रावर जाणं सुटलं होतं, तेव्हापासून गावाला धाकात ठेवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. धुकं पडलं की तो किनाऱ्यावर पालथ्या बादलीवर बसे आणि एक जुनी लोखंडी कढई हातोडीने बडवत राही. त्या आवाजाच्या रोखाने होड्या किनाऱ्याला लागत. होड्या ओढण्याची, पाट्या उतरवण्याची गडबड थांबली, की सगळे आले असं धरून कढईही थांबे. एकदा थांबलेली कढई पुन्हा वाजवायची नाही. वाजवली तर कुणीतरी मागे राहिलंय हे समुद्राला समजतं.

या गावात हेटी पर्क नावाची मुलगी वाढत होती. आई लहानपणीच गेलेली. घरात अर्धवट बहिरी आजी, आणि 'पेशन्स' नावाच्या होडीवर एकटाच जाणारा बाप, एमस. शाळेला जायच्या आधी हेटी, गावातल्या सगळ्या मुलांसारखी, कालवं सोलून आमिष म्हणून बापाच्या गळांना लावून देई. त्या वासामुळे शाळेतले मास्तर कडाक्याच्या थंडीतही खिडक्या उघड्या ठेवून शिकवत. पुढे म्हातारपणी हेटीला विचारलं की लहानपणचं काय आठवतं, तर ती म्हणे, "दोनच गोष्टी. शाळेतली थंडी आणि मिस्टर चोगले."

मिस्टर म्हणजे गावात फक्त पाद्री, एझ्रा आणि हा. हिरोजी चोगले कोकणातल्या हर्णैच्या बाजूचा. आगबोटीवर खलाशी होता. छातीत कफ भरला म्हणून बोटीने त्याला त्याच किनाऱ्यावरच्या एका बंदरात उतरवलं आणि नंतर ती त्याला विसरून निघून गेली. किनाऱ्याने चालत राहिलं की कधीतरी आपलं गाव येईलच, असा विचार करून तो चालू लागला. मार्लविकपर्यंत त्याचा विचार टिकला, मग तो पर्कांच्या जाळ्यांच्या खोपटापुढे कोसळला. आजीने त्याला आठ दिवस मटणाचं पाणी पाजलं. नवव्या दिवशी तो उठला आणि कुणी सांगायच्या आत जाळी दुरुस्त करायला बसला. आपण कुठे फाटलो होतो हे जाळ्यांनाही आठवू नये इतकी ती साफ होत, असं म्हणतात. त्याला इंग्रजीचे तीसेक शब्द येत, त्यातले निम्मे बायकांपुढे बोलण्यासारखे नव्हते. हेटीला तो 'बाय' म्हणे. त्याच्या सामानात एक घोंगडी होती आणि त्या घोंगडीत आईने दिलेला शंख.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी असं धुकं पडलं की बायकांना वाळत घातलेले कपडे चाचपडत शोधावे लागले. एझ्राने कढई बडवली. होड्या एकेक करून आल्या, गडबड झाली, गडबड थांबली, कढई थांबली. पर्कांच्या घरात किटली तिसऱ्यांदा उकळत होती.

चोगले दारात आला. उजव्या हाताची मूठ वळलेली होती.

"बाय, एक पेर रिकामं आहे."

"म्हणजे?"

"सकाळी बारा गेल्या. आल्या अकरा."

आजीला एरवी चर्चची घंटा ऐकू येत नसे. हे तिला नीट ऐकू आलं. "अरे देवा, हा मोजतो," ती म्हणाली आणि खाली बसली.

हेटीने किटली उतरवली नाही की डोक्याला रुमाल बांधला नाही. नियम मोडून ती किनाऱ्यावर धावली. एझ्रा बादली उचलून निघाला होता.

"मिस्टर डॉसन, कढई वाजवा. बाबा आलेले नाहीत."

"असं बोलू नये. उशिरा येत असेल."

"आवाज नाही तर येतील कुठून?"

"थांबलेली कढई वाजवत नाहीत, पोरी. माझा स्वतःचा भाऊ असता तरी वाजवली नसती." आणि हे खरं होतं. एझ्राचा भाऊ चाळीस वर्षांपूर्वी असाच धुक्यात राहिला होता, त्या दिवशीही कढई थांबलेली होती. हे बोलताना एझ्राने बादली खाली ठेवली, ती का ठेवली हे त्यालाही कळलं नसावं.

तोवर चोगले घोंगडीतून शंख काढत होता.

"हे काय आहे?" एझ्राने विचारलं.

"मोठा शिंपला," हेटी म्हणाली. "शिंपल्याबद्दल काही नियम आहे का?"

एझ्रा विचारात पडला. बापाचे, आजोबांचे आणि त्यांच्याही आधीचे सगळे नियम त्याने मनात उलटून पाहिले. तेवढ्या वेळात भरती हातभर वर चढली, असं म्हणतात.

"शिंपल्याबद्दल काही नाही," तो शेवटी म्हणाला. "पण करायला हवा."

"उद्या करा," हेटी म्हणाली.

चोगले गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने शंख फुंकला. तो आवाज ऐकून चर्चची घंटा आपोआप गुणगुणली, असं म्हणतात. सील मासे पाण्यातून डोकी वर काढून रांगेत ऐकत राहिले. ते आठ होते की अठरा यावर गावात आजही मतभेद आहेत, कारण तेव्हा मोजायची चोरी होती. ओठ फुटले तरी तो थांबला नाही. छातीतला उरलासुरला कफ त्या शंखातून निघून गेला आणि त्याबरोबर त्याचा आवाजही गेला. शेवटी धुक्याला एक भोक पडलं, बरोबर एका होडीएवढं, आणि त्यातून 'पेशन्स' आली.

"कढई थांबल्यावर मी उलटा, उघड्या समुद्राकडे वल्हवत होतो," एमस म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मग पाठीमागे गाय हंबरली. म्हटलं, गाय आहे तिथे जमीन असणार."

चोगलेने मूठ वर केली आणि अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर टेकवला.

दुसऱ्या दिवशी एझ्रा जाळ्यांच्या खोपटात आला. बराच वेळ खोकला. "मोजणं वाईट," तो म्हणाला. "समुद्राला दिसतं."

चोगलेने हात पुढे केला. चार बोटं, एका बोटाला तीन पेरं. पहिल्या बोटापासून अंगठा एकेका पेरावर सरकत गेला. मग त्याने मूठ मिटून खिशात घातली. आवाज परत आला नव्हता, म्हणून त्याच्या वतीने हेटी बोलली.

"मुठीत मोजतात, मिस्टर डॉसन. तिथे समुद्राला काय दिसणार?"

त्या दिवशी एझ्रा डॉसनने ऐंशी वर्षांत पहिल्यांदा एक नियम शिथिल केला. खोपटातून बाहेर पडताना तो आपल्या हाताकडे बघत होता. भावाच्या वेळी हे माहीत असतं तर, असं तो पुटपुटला, असं हेटी सांगे.

थंडी सरता सरता हेटीने चोगलेला विचारलं, "तुमच्या गावात तुम्हाला कोण मोजतं?" त्याचा आवाज तेव्हा थोडा परतला होता. "आई," तो म्हणाला, आणि त्याने जाळं पुन्हा हातात घेतलं. वसंतात गावाने त्याला एका पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटीवर चढवून दिलं. शंख तो हेटीकडे ठेवून गेला. तो घरी पोचला की नाही, हे मार्लविकला कधीच कळलं नाही. पोचलाच असेल, असं म्हणतात.

आता तिथे तीनच होड्या आहेत, बाकी गर्दी उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांची. पण धुकं पडलं की शाळेतून घरी जाणारी मुलं कोटाच्या खिशात मूठ वळतात. पहिल्या पेरापासून अंगठा फिरतो, बारा जुन्या होड्यांची नावं मनात घेत, 'पेशन्स' सगळ्यात शेवटी. मग अंगठा तळहातावर ठेवायचा आणि त्याच्यावर मूठ घट्ट मिटायची. हे मिस्टर चोगलेंसाठी. घरात पाऊल ठेवून किटलीचा आवाज कानावर पडेपर्यंत ती मूठ उघडायची नाही, असा तिथे आता नियम आहे.